विद्यापीठात मध्यम स्तराची चिनी भाषा शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी भाषेचं पहिलं वर्ष पार करून पुढच्या वर्गात बसलेल्यांसाठी हे पान आहे. ओळख करून देणं, वेळ विचारणं, पत्ता सांगणं इतपत जमतं, पण त्यापुढे गाडी अडते, अशा टप्प्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. चिनी शब्द कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. म्हणजे ‘प’ दिसला तर ‘प’च म्हणा, पिनयिनमध्ये (म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) तिथे कुठलंही रोमन अक्षर असो.

मध्यम स्तर म्हणजे नेमका कुठला?

साधारणपणे विद्यापीठातलं दुसरं आणि तिसरं वर्ष. युरोपीय मोजपट्टीवर बी-१ ते बी-२. एचएसके या चीनच्या अधिकृत भाषापरीक्षेच्या हिशोबात सांगायचं तर जरा जपून, कारण दोन मोजपट्ट्या फिरत असतात. २०१० पासूनच्या सहा पातळ्यांच्या रचनेत चौथ्या पातळीला १२०० शब्द होते आणि पाचवीला २५००. २०२१ मध्ये चीनने नवं मानक आणलं. त्यात तीन टप्पे आणि नऊ पातळ्या आहेत. मधला टप्पा चौथी ते सहावी पातळी असा असून शब्दसंख्या अनुक्रमे ३२४५, ४३१६ आणि ५४५६ आहे. त्यामुळे कुणी “माझी चौथी पातळी झाली” म्हणालं, तर कुठल्या यादीप्रमाणे हे आधी विचारा.

माझी स्वतःची खूण वेगळी आहे. न कळलेल्या शब्दाचा अर्थ चिनीतच विचारता आला आणि चिनीतच मिळालेलं उत्तर बहुतेक समजलं, की तुम्ही मध्यम स्तरावर आलात.

पहिल्या वर्षी उत्तम गुण होते. आता अभ्यास तेवढाच करूनही पुढे सरकत नाही. असं का होतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्यातली निराशा खरी असते. पहिल्या वर्षीचं पुस्तक तुमच्यासाठीच बेतलेलं असतं. आज शिकलेला शब्द उद्याच्या धड्यात भेटतो, परवाच्या डिक्टेशनमध्ये येतो. पुढे शब्द विरळ होत जातात. आज शिकलेला शब्द पुन्हा दिसायला तीन आठवडे लागतात, तोवर तो पुसला जातो. पिनयिनचा आधारही याच सुमारास काढून घेतात.

पण माझ्या मते खरं कारण आणखी खोल आहे. पहिल्या वर्षाची सवय म्हणजे एक शब्द, एक अर्थ. मध्यम स्तरावर ती सवय घात करते. एक उदाहरण नीट पाहू. शब्दकोशात ‘सुधारणे’ या अर्थाचे निदान चार शब्द सापडतात: थी-काओ, काय-षान, काय-चिन आणि चिन-पू. फ्लॅशकार्डावर चारही शब्दांमागे ‘सुधारणे’ लिहिलं की निबंधात हमखास लाल शाई दिसते. कारण थी-काओ म्हणजे वर उचलणं. ते पातळी, वेग, दर्जा यांच्यासोबत येतं. काय-षान हे परिस्थिती, संबंध, राहणीमान यांच्यासाठी. काय-चिन पद्धतीला किंवा तंत्राला लागतं. चिन-पू म्हणजे स्वतःची प्रगती होणं, त्याला कर्मच चालत नाही.

मग वहीत काय लिहायचं? थी-काओ एकटं लिहू नका, ‘थी-काओ ष्वेइ-फिंग’ (पातळी उंचावणे) असं जोडीनं लिहा. काय-षानपुढे ‘संबंध’, काय-चिनपुढे ‘पद्धत’. शब्द नेहमी त्याच्या सोबत्यासकट उतरवायचा. वही हळू भरते, पण तिच्यातलं बोलताना तोंडात येतं. पहिल्या वर्षानंतर अभ्यासात एकच गोष्ट बदलायची असेल, तर ही बदला.

मूळ पाया कच्चा वाटतो, विशेषतः उच्चार. आता दुरुस्त करायला उशीर झाला का?

अजिबात नाही. उलट मराठी माणसाच्या तोंडात यातलं बरंच आधीपासून तयार असतं, फक्त रोमन अक्षरं त्याच्या आड येतात. पिनयिनला चीनमध्ये १९५८ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रोमन ‘बी’ आणि ‘पी’ यांतला फरक आपल्या ब आणि प मधला नाही, तो प आणि फ (दोन्ही ओठ मिटून म्हणायचा जुन्या वळणाचा फ) मधला आहे. तसंच ‘डी-टी’ म्हणजे त आणि थ, ‘जी-के’ म्हणजे क आणि ख. अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपण बाराखडीपासून घोटलेला आहे. ज्या भाषांत तो नाही त्या भाषकांना इथे महिने घालवावे लागतात. आपण मात्र ‘बी’ पाहून ब म्हणतो आणि हातचं घालवतो. चीनच्या राजधानीचं नाव तिथल्या माणसाच्या तोंडून ऐका. ते पेइ-चिंग असतं, त्यात ब नाही आणि ज नाही.

मराठीतल्या दोन ‘च’चाही इथे उपयोग होतो. ‘चार’मधला च म्हणजे पिनयिनचा ‘जे’, आणि ‘चाक’मधला च म्हणजे ‘झेड’. ‘क्यू’ हा आपला छ. ‘एक्स’ शहामृगातल्या श च्या जवळचा, आणि ‘एस-एच’ हा जीभ मागे वळवून म्हणायचा ष, जो आपण लिहितो पण सहसा उच्चारत नाही. नवा शिकावा लागतो तो मुख्यतः ‘सी’: चाकातल्या च ला हवेचा झोत द्यायचा. शिवाय ‘यू’वरच्या दोन टिंबांचा स्वर, म्हणजे ओठ ऊ चे ठेवून ई म्हणणं.

एक दुपार बसून पिनयिनचा पूर्ण तक्ता स्वतःसाठी देवनागरीत लिहून काढा. उच्चार त्याच आठवड्यात बदललेला जाणवेल.

टोन (अर्थ बदलणारे सुराचे चढउतार) पाठ आहेत, तरी बोलताना समोरच्याला कळत नाही. कुठे चुकतं?

टोन सुटे शिकलेले असतात, बोलणं मात्र जोड्यांनी होतं. ‘ल्येन-शी’ घ्या. चौथा आणि मग दुसरा टोन लावला तर ‘सराव’. दुसरा आणि मग चौथा लावला तर ‘संपर्क’. अक्षरोच्चार तेच, टोनांची अदलाबदल झाली की अर्थ बदलला. म्हणून चार टोनांचा सराव सोडून जोड्यांचा करा. पहिल्या जागी चार टोन आणि दुसऱ्या जागी चार टोन अधिक हलका टोन, अशा वीस जोड्या होतात. त्यातली तिसरा-तिसरा ही जोडी ऐकायला दुसरा-तिसरासारखीच असते, म्हणजे खऱ्या एकोणीस. प्रत्येकीसाठी तुम्हाला आधीच येणारा एकेक शब्द ठरवून टाका आणि नवा शब्द आला की “हा कुणाच्या चालीवर?” असं विचारा.

तिसऱ्या टोनबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. खाली जाऊन पुन्हा वर येणारा तो आकार फक्त एकटा शब्द म्हणताना किंवा वाक्याच्या शेवटी ठळक ऐकू येतो. पुढे दुसरा कुठलाही टोन असला की तो नुसता खाली राहतो (पुढे तिसराच असेल तर वर सांगितल्याप्रमाणे दुसरा होतो). मध्यम स्तरावरचे विद्यार्थी प्रत्येक तिसरा टोन वर ओढत बसतात आणि तो दुसऱ्यासारखा ऐकू येतो. आवाज खाली ठेवा, तिथेच सोडा.

क्रियापदाला किंवा वाक्याच्या शेवटी लागणारा ‘ल’ कधी लावायचा हे दीड वर्षानंतरही कळत नाही. तो भूतकाळ आहे ना?

भूतकाळ नाही. इंग्रजीतून शिकवलेला नियम इथे विसरा आणि मराठीतल्या आपल्याच ‘ला-लो-ली’कडे पाहा. कुणी हाक मारली की आपण अजून खुर्चीतून उठलोही नसताना “आलो, आलो!” म्हणतो. चिनी माणूस अशा वेळी म्हणतो “लाय-ल!” खिडकीबाहेर थेंब पडायला लागले की आपण “पाऊस आला” म्हणतो, तो “श्या-यू-ल” म्हणतो. नवीन काहीतरी घडलं, स्थिती बदलली, हे दोन्हीकडे सांगायचं असतं.

पुढे जा. “उद्या जेवलो की निघू” या वाक्यात काळ उद्याचा आहे, तरी आपण ‘जेवलो’च म्हणतो. चिनीत “मिंग-थ्येन छ-ल फान च्यौ चौ”, तिथेही ‘ल’ आहे. आता उलट बाजू. “लहानपणी रोज पोहायचो” यात आपण ‘पोहलो’ म्हणत नाही, ‘-चो’ वापरतो. चिनीतही अशा सवयीच्या क्रियेला ‘ल’ लागत नाही. “काल खूप थंडी होती” हे नुसतं वर्णन आहे, तिथेही नाही. आणि “गेलो नाही” म्हणताना ‘मेइ’ आला की क्रियापदाला चिकटणारा ‘ल’ निघून जातो. सगळीच वाक्यं या चावीने उघडत नाहीत, पण अडलात तर आधी मराठी वाक्य मनात म्हणून पाहा. पुस्तकातल्या सात नियमांपेक्षा ते लवकर उत्तर देतं.

थिंग, थिंग-च्येन, थिंग-तुंग, थिंग-पु-छिंग-छू… हे सगळं पाठ करायचं का?

पाठ करू नका, रचना ओळखा. चिनी भाषेत क्रिया वेगळी आणि तिचं फळ वेगळं सांगतात. थिंग म्हणजे ऐकणं. थिंग-च्येन म्हणजे ऐकू येणं. थिंग-तुंग म्हणजे ऐकून समजणं. मराठीला हा भेद घरचा आहे: पाहणं आणि दिसणं (खान, खान-च्येन), शोधणं आणि सापडणं (चाओ, चाओ-ताओ).

मध्ये ‘पु’ घातला की ‘फळ मिळत नाही’ हा अर्थ येतो. फोनवर समोरच्याचा आवाजच पोहोचत नसेल तर थिंग-पु-च्येन. आवाज येतोय पण खरखर आहे, तर थिंग-पु-छिंग-छू. सगळं स्पष्ट आलं पण भाषाच कळली नाही, तर थिंग-पु-तुंग. तिन्ही प्रसंगी थिंग-पु-तुंग म्हणणारा विद्यार्थी स्वतःचं नुकसान करतो. लाइन खराब असते आणि समोरचा समजतो याला भाषा येत नाही, मग तो सोप्या, तुटक वाक्यांवर उतरतो.

वाक्यरचनेत मराठीची आणखी कुठे मदत होते, आणि कुठे फसवते?

मदत होते विशेषणवाक्यांत. “मी काल घेतलेलं पुस्तक” हे शब्दशः “वो चुओ-थ्येन माय त षू”. पुस्तक शेवटी, त्याचं सगळं वर्णन आधी. तुलनेतही तसंच: “तो माझ्यापेक्षा उंच” म्हणजे “था पी वो काओ”. फक्त इथे ‘हन’ (खूप) मध्ये घालू नका. फरक मोठा असेल तर तो शेवटी ‘काओ त त्वो’ असा सांगायचा.

‘पा’ हा शब्द कर्माच्या आधी लागतो. ‘पा’च्या वाक्यात कर्म क्रियापदाच्या आधी येतं म्हणून ते आपल्याला ओळखीचं वाटतं, आणि फसगत तिथेच होते. कर्म आधी आलं एवढ्याने ‘पा’ लागत नाही. वस्तू ठरावीक हवी आणि तिचं काहीतरी व्हायला हवं: ते पुस्तक टेबलावर गेलं, ते दार बंद झालं. उघडं क्रियापद ‘पा’ला चालत नाही, आणि ‘आवडणं’, ‘माहीत असणं’ यांच्यासोबत तो बसत नाही.

‘च्यौ’ आणि ‘त्साय’ या जोडीसाठी मराठीइतकी चांगली शिक्षिका नाही. “तो आठला आलासुद्धा” म्हणजे च्यौ, “तो आठला कुठे आला” म्हणजे त्साय. घड्याळ दोन्हीकडे आठच दाखवतं, बोलणाऱ्याची अपेक्षा वेगळी असते. पहिल्या वाक्याच्या शेवटी ‘ल’ येतो, दुसऱ्याच्या येत नाही.

मेझर वर्ड (संख्या आणि नाम यांच्या मध्ये येणारे मोजणीचे शब्द) सगळे यायला हवेत का?

वीस-पंचवीस पक्के असले की दैनंदिन काम भागतं. सपाट वस्तूंना चांग (कागद, टेबल, तिकीट), लांबट आणि वळणाऱ्यांना थ्याओ (नदी, रस्ता, मासा), हातात धरायच्यांना पा (छत्री, सुरी, खुर्चीसुद्धा). नाम शिकतानाच त्याचा मेझर वर्ड सोबत लिहा.

किती अक्षरं यायला हवीत? हाताने लिहिणं अजून गरजेचं आहे का?

चीनमध्ये १९८८ मध्ये नित्य वापरातल्या अक्षरांची यादी निघाली. तिच्यातली पहिली २५०० अक्षरं पडताळणीसाठी घेतलेल्या मजकुराचा सुमारे ९८ टक्के भाग व्यापत होती. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. अक्षरं ओळखता येणं आणि त्यांचे बनलेले शब्द कळणं यांत बरंच अंतर असतं. २०२१ च्या मानकानुसार मधला टप्पा संपताना १८०० अक्षरं ओळखता यावीत आणि ७०० हाताने लिहिता यावीत. ओळखणं आणि लिहिणं यांतला हा फरक मला योग्य वाटतो. चिनी लोकांनाही फोनवर टाइप करून करून पेन उचलल्यावर अक्षर आठवत नाही. त्याला त्यांच्याकडे ‘थी-पी-वांग-च’ असा शब्दच आहे.

तरीही निदान तेवढी अक्षरं हाताने लिहाच, कारण लिहिताना अक्षराचे भाग दिसतात. बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. ‘छिंग’ हा भाग घ्या (एकटा असताना हिरवा-निळा रंग). डावीकडे पाण्याचे तीन थेंब लावले की छिंग, स्वच्छ. बोलण्याचा रॅडिकल (अर्थ सुचवणारा भाग) लावला की छिंग, ‘कृपया’ किंवा आमंत्रण देणं. हृदय लावलं की भावना, सूर्य लावला की निरभ्र आकाश, आणि डोळा लावला की चिंग, डोळ्यासाठीच्या शब्दातलं दुसरं अक्षर. टोन बदलतो, कधी व्यंजनही थोडं सरकतं, पण कुटुंब एकच. मध्यम स्तरावर अशी कुटुंबं वहीच्या एकेका पानावर मांडायला लागा. पाचशे अक्षरं येईपर्यंत याचा उपयोग नसतो, कारण ओळखीचे नातेवाईकच कमी असतात. आता तो होतो.

सोपी लिपी (कमी रेघांची, सुलभ केलेली अक्षरं) शिकलो. पारंपरिक (जुन्या पूर्ण अक्षरांची) शिकावी का?

चीन, सिंगापूर आणि मलेशियात सोपी चालते, तैवान, हाँगकाँग आणि मकाऊमध्ये पारंपरिक. एक लिपी पक्की होईपर्यंत दुसरी लिहायला घेऊ नका, वाचायला मात्र लवकर लागता येतं. सोपी करताना काही ठिकाणी दोन अक्षरांचं एक झालं, तेवढी वेगळी लक्षात ठेवावी लागतात. ‘केस’ आणि ‘पाठवणं’ यांची दोन वेगळी अक्षरं होती, आता दोघांसाठी एकच ‘फा’ आहे.

बातम्या वाचायला घेतो आणि पहिल्या परिच्छेदातच दमतो. काय वाचू?

बातम्या सध्या ठेवून द्या. लेखी चिनी ही बोलण्यापेक्षा बरीच वेगळी असते. तिथे ‘पा’च्या जागी ‘च्यांग’ येतो, वाक्यं लांबतात, नावं आणि संस्थांची संक्षिप्त रूपं येतात. शिवाय शब्दांमध्ये मोकळी जागा नसल्याने एक शब्द कुठे संपला हेच आधी शोधावं लागतं. हे कौशल्य वाचूनच येतं, आणि भरपूर वाचण्यासाठी मजकूर सोपा हवा. शंभर शब्दांत दोन-तीनच अनोळखी असतील असं निवडा. मध्यम स्तरासाठी मर्यादित शब्दांत लिहिलेल्या गोष्टींची पुस्तकं मिळतात, त्यांपासून सुरुवात करा. पाठ्यपुस्तकाचे जुने धडे पुन्हा वाचणंही कमीपणाचं नाही.

वर्गातला कठीण मजकूर सावकाश, पेन्सिल घेऊन वाचायचा. घरचा सोपा मजकूर न थांबता. दोन्ही रोज.

वर्गातली काही मुलं घरी चिनी बोलतात. त्यांच्यासमोर तोंड उघडायला संकोच वाटतो.

त्यांच्या आणि तुमच्या अडचणी वेगळ्या आहेत. त्यांना ऐकणं-बोलणं येतं आणि अक्षरं कमी येतात. जोडीने अभ्यास केला तर दोघांचंही भलं होतं. तुम्ही त्यांना अक्षराचे भाग दाखवा, ते तुम्हाला सांगतील की “हे असं कुणी म्हणत नाही.” हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नसतं. आणि प्लेसमेंट टेस्टमध्ये पाठांतराच्या जोरावर वरच्या वर्गात शिरण्याचा मोह टाळा. एक सेमिस्टर खाली बसणं परवडतं, वर बसून गप्प राहणं परवडत नाही.

भाषांतराची साधनं आणि एआय वापरावं का?

आधी स्वतः लिहा, मग दाखवा. निबंध मराठीत किंवा इंग्रजीत लिहून यंत्राकडून चिनी करून घेतलात तर त्या निबंधातलं तुम्हाला काहीच येणार नाही, आणि तोंडी परीक्षेत ते दोन मिनिटांत उघड होतं. लिहून झाल्यावर “हे दोन शब्द एकत्र चालतात का” असं विचारणं उपयोगी आहे, पण उत्तर शिक्षकांकडून पडताळून घ्या. शब्दकोशासाठी प्लेको आणि उजळणीसाठी अंकी ही ॲप बहुतेक विद्यार्थी वापरतात. अंकीत सुटे शब्द न घालता छोटी वाक्यं घाला.

चंग-यू, म्हणजे चार अक्षरी म्हणी, किती वापराव्यात?

ओळखायला शिका, वापरताना हात आखडता ठेवा. ‘ह्वा-ष-थ्येन-चू’ म्हणजे सापाचं चित्र काढून त्याला पाय जोडणं. एका निबंधात पाच चंग-यू घातले की तेच होतं.

एचएसके द्यायची का? आणि एकूण किती वर्षं लागतील?

चीनमध्ये प्रवेश किंवा शिष्यवृत्ती हवी असेल तर द्यावीच लागते, आणि प्रवेशासाठी गुणपत्रक दोन वर्षं ग्राह्य धरतात. तैवानसाठी टोक्फल ही वेगळी परीक्षा आहे. एचएसकेची रचना बदलत्या अवस्थेत असल्याने नोंदणीआधी परीक्षेचं अधिकृत संकेतस्थळ पाहा. परीक्षेपुरता अभ्यास मात्र वर्षातून दोन महिनेच करा.

वेळेचं म्हणाल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी वर्गातले सुमारे २२०० तास धरते. आठवड्याला पाच तास आणि वर्षाला तीस आठवडे धरले तर विद्यापीठात वर्षाचे दीडशे तास होतात, तीन वर्षांचे साडेचारशे. हे घाबरवायला सांगत नाही. वर्ग हा अभ्यासाचा छोटा हिस्सा आहे आणि बाकीचा वर्गाबाहेर व्हायचा आहे, एवढंच यातून दिसतं. म्हणूनच चीन किंवा तैवानमधलं एक सेमिस्टर मिळत असेल तर ते दुसऱ्या वर्षाच्या शेवटी घ्या. त्याआधी गेलात तर आजूबाजूचं बोलणं नुसता गोंगाट वाटतो.

सेमिस्टरच्या सुट्टीत सगळं विसरायला होतं. कमीत कमी काय करू?

लिहिणं सगळ्यात आधी जातं, ते गेलं तरी घाबरू नका, आठवड्याभरात परत येतं. कान मात्र जपा. रोज वीस मिनिटं आधी ऐकलेला धडा किंवा पॉडकास्ट पुन्हा ऐका आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. आठवड्यातून एकदा दहा ओळींचं काहीतरी हाताने लिहा, तारीख टाका. सुट्टी संपल्यावर ती पानं शिक्षकांना नेऊन दाखवा आणि पहिल्या तासाच्या आधी दुरुस्त करून घ्या.